दुसऱ्याच्या हातचं अर्धं विणकाम पुढे कसं न्यावं? नाताळ तोंडावर आलाय

शुक्रवारचा_बाजार | 3 डिसेंबर, दुपारी 2:40

विणणाऱ्या मंडळींनो, अडलेय. आज गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताची सुट्टी. घरातले सगळे जेवून आडवे झालेत आणि मी एक पिशवी समोर ठेवून बसलेय.

पिशवी शेजारच्या तियाची आहे. तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, काय हवं ते समजा. तिच्या भाच्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि आता अख्खा वाडा म्हणतो. माझ्या सासूबाई तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या, त्याही तियाच म्हणतात. आमचं गाव म्हापशाजवळ. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, तोही एका जागी ढासळलेला, त्यामुळे जाणं-येणं तिथूनच.

तियाची लेक इंग्लंडात, स्विंडनला असते. जुलैत तिला मुलगी झाली. 22 तारखेला ती बाळाला घेऊन पहिल्यांदाच घरी येतेय. तियाच्या घरात बाळ जन्मलं की त्याच्यासाठी एक पांघरूण विणायचं आणि ते पहिल्यांदा अंगावर घालायचं ते 24 च्या रात्री, मिसाला, अशी रीत आहे. तियाच्या आईने तियाच्या लेकीसाठी विणलेलं अजून कपाटात आहे, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं. गोव्यात लोकरीचं पांघरूण कशाला, असं घाटावरचे लोक विचारतील. आमच्याकडे रात्रीची मीस चर्चच्या पटांगणात उघड्यावर होते, डोक्यावर दंव पडतं, आणि पारा 21 वर उतरला की आमची माणसं कानटोप्या काढतात. हसू नका.

तर मधल्या नोव्हेंबरात तिया बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायऱ्यांवरून घसरली. उजवं मनगट गेलं. प्लॅस्टर वर्ष संपेपर्यंत. परवा संध्याकाळी गडग्यावरून पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूं कर गो. म्हज्यान जायना." एवढंच. परत काही बोलण्याआधी घरातही गेली.

पिशवीत काय आहे: 9 नंबरच्या सुया, सायीच्या रंगाची चार पदरी लोकर, आणि सुईवर 160 टाके. साधी वीण, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी. रुंदी 73 सेंटिमीटर, लांबी झालीय 24. तिला चौकोनी हवंय, म्हणजे 75 च्या आसपास.

मी उत्साहाने बारा ओळी विणल्या. पांघरुणाला कंबर आली! तियाचे टाके कसे, मोकळे. सैल नव्हेत, मोकळे. माझे म्हणजे तोंड घट्ट मिटून बसलेले. मी विणकाम शिकले सातवीत, कार्यानुभवाच्या तासाला, आणि तेव्हाचा मफलरसुद्धा शेवटाकडे निमुळता झाला होता. बारा ओळी उसवल्या.

आमच्या ह्यांचा सल्ला: "सगळंच उसव आणि पहिल्यापासून तू विण, म्हणजे एकसारखं दिसेल." हिशेबाने बरोबर आहे. पण ते 24 सेंटिमीटर उसवायचे नाहीत. तेवढं सोडून काहीही सांगा.

लोकरही पुरेल असं वाटत नाही. आणि वेळ म्हणाल तर तीन आठवडेसुद्धा नाहीत.

---

यूट्यूबविणकर | 3 डिसेंबर, दुपारी 3:15

ताई, सोप्पं आहे! हात घट्ट असेल तर मोठ्या नंबरची सुई घ्यायची. 9 ऐवजी 11 किंवा 12 घ्या, टाके आपोआप सैल पडतील. मी व्हिडिओ बघून शिकले, सगळे हेच सांगतात.

---

सुलट_उलट | 3 डिसेंबर, दुपारी 4:02

थांबा थांबा, 12 नंबर घेऊ नका, पांघरुणाची दोरी होईल!

व्हिडिओवाल्या बहुतेक अमेरिकन नंबर सांगतात. तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते. आपल्याकडे दुकानात ज्या सुया मिळतात त्यांचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे, बरोबर उलटे. 12 नंबर पावणेतीन मिलिमीटर, 10 नंबर सव्वातीन, 9 पावणेचार, 8 चार, 7 साडेचार. तुम्हाला जायचंय 8 किंवा 7 कडे. आणि ऑनलाइन मागवणार असाल तर नंबर न बघता मिलिमीटर बघा. अमेरिकन 8 पाच मिलिमीटरची असते. माझ्या जावेने तशीच मागवली आणि तिच्या नातवाचा स्वेटर नातवाच्या बापाला झाला.

पण सुई बदलण्याआधी मापा. तियाच्या विणीवर पट्टी आडवी ठेवा, 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते टाचण्या लावून मोजा. कडेला मोजू नका, मधोमध मोजा, दोन-तीन जागी. मग त्याच लोकरीचा एक छोटा चौकोन तुमच्या हाताने विणा आणि तसाच मोजा. चौकोन कंटाळवाणा असतो हे मला माहीत आहे. तरी विणा. मी फोंड्यात पंचवीस वर्षं शिकवण्या घेतल्या, चौकोन टाळणारी प्रत्येक बाई शेवटी दोनदा विणते.

---

वास्कोतला_काका | 3 डिसेंबर, रात्री 9:30

नमस्कार. माझी आई साताऱ्याची. लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवून गोळे करायची, त्यातून शिकलो. पुढे नौदलात गेलो तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही. आता निवृत्त आहे, सांगतो.

लोकर पुरेल का, याला अंदाज नको. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. टाके एका जाड दोऱ्यावर उतरवून ठेवा, म्हणजे सुई सुटायची भीती नाही. झालेला भाग तोला. उरलेले गोळे तोला. आकडे इथे टाका. बाकी मी करतो.

---

शुक्रवारचा_बाजार | 4 डिसेंबर, रात्री 10:50

काका, झालेला भाग 110 ग्रॅम. उरलेली लोकर 150. (काट्यावर मघाशीच रवा तोलला होता, दोन ग्रॅम इकडेतिकडे धरा.)

सुलट_उलट ताई, तुम्हाला शिव्या देत चौकोन विणला. तियाचे 10 सेंटिमीटरला 22 टाके. माझे 26. त्याच सुया, तीच लोकर.

---

वास्कोतला_काका | 5 डिसेंबर, सकाळी 6:45

24 सेंटिमीटरला 110 ग्रॅम. म्हणजे सेंटिमीटरला साधारण 4.6. अजून 51 सेंटिमीटर हवेत, 234 ग्रॅम लागतील. 84 कमी पडतात. 100 आणा.

26 टाक्यांनी 160 विणले असते तर रुंदी साडेएकसष्ट आली असती. 73 वरून साडेएकसष्ट. कंबर म्हणालात ते बरोबर.

या विणीत 10 सेंटिमीटरला टाक्यांच्या दुप्पट ओळी पडतात, साधारण 44. तुमच्या 51 सेंटिमीटरला 224 ओळी. गुणिले 160, म्हणजे जवळजवळ 36 हजार टाके. मिनिटाला 20 टाके धरले तर 30 तास. 21 तारखेपर्यंत 17 दिवस आहेत. रोज पावणेदोन तास, 13-14 ओळी. होण्यासारखं आहे. एक दिवसही सोडू नका.

---

सुलट_उलट | 5 डिसेंबर, सकाळी 11:20

काकांना माझ्या शिकवणीत घ्यायला हवं होतं.

लोकर आणताना पट्टीवरचा लॉट नंबर बघा. एकाच रंगाचं नाव असलं तरी दोन लॉटमध्ये फरक असतो, आणि पांढऱ्या-सायी रंगात तो सगळ्यात जास्त कळतो. उन्हात नेऊन बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळं सारखंच दिसतं. तोच लॉट मिळाला नाही तर घाबरू नका. जुनी लोकर संपेपर्यंत थांबायचं नाही. शेवटचे 50 ग्रॅम उरले की जुनी-नवी मिसळायला लागा: दोन ओळी जुन्या गोळ्याच्या, दोन नव्या. 20-22 सेंटिमीटर असं चालेल, आणि मग नुसती नवी. डोळ्याला सीमा सापडत नाही.

अजून एक विचारते. तिया विणताना धागा कुठून घेते, उजव्या बोटावरून की डाव्या? त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

---

शुक्रवारचा_बाजार | 6 डिसेंबर, रात्री 11:15

ताई, तुमच्या प्रश्नाने आजची संध्याकाळ गेली, पण काय बघितलं ते सांगते.

तिला म्हटलं, विणून दाखव. म्हणाली, हात कुठाय? म्हटलं, डाव्याने जेवढं जमेल तेवढं. तर तिने गोळा मांडीवर ठेवला, धागा उचलला आणि मानेमागून घेतला! उजव्या खांद्यावरून वर, मानेमागून, डाव्या खांद्यावरून पुढे. प्लॅस्टरच्या हाताने सुई नुसती बगलेशी दाबून धरली आणि डाव्या अंगठ्याने धागा सुईवर टिचकी मारल्यासारखा उडवला. टक. टाका तयार. बोटावर धागा गुंडाळणं नाही, ओढणं नाही. धाग्याला ताण लागतो तो मानेचा. चार टाके झाले आणि तिचं मनगट दुखलं म्हणून थांबवलं.

आणि गंमत म्हणजे ती सुलट विणतच नाही. सगळं उलट. जातानाही उलट, येतानाही उलट. मी म्हटलं, मी तर दोन्हीकडून सुलट घेत होते. "शाळेंत मादरींनी अशेंच शिकयलें," म्हणाली. मादर म्हणजे नन. मी पंचवीस वर्षं तिला बाल्कांवात विणताना बघतेय आणि मानेमागचा धागा मला कधी दिसला नव्हता. केसांचा अंबाडा असतो ना वर.

---

सुलट_उलट | 7 डिसेंबर, सकाळी 8:05

मला वाटलंच होतं! हे पोर्तुगीज विणकाम. पोर्तुगालात अशीच विणतात, धागा मानेभोवती नाहीतर छातीवर लावलेल्या आकड्यातून, आणि डाव्या अंगठ्याने. या पद्धतीत उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सोपा, म्हणून साध्या विणीला सगळं उलटच विणतात. आपण उलट टाक्याला नाक मुरडतो, त्या सुलट टाक्याला मुरडतात. कापडात फरक नाही: सगळं सुलट विणा नाहीतर सगळं उलट, दोन्ही तसंच दिसतं. तिथे काळजी नको.

फरक ताणाचा आहे. बोटाचा ताण माणसाच्या मनःस्थितीवर जातो. भांडण झालेल्या दिवशीची वीण मी लांबून ओळखते. मानेचा ताण सारखा राहतो. तिचे टाके मोकळे का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं. आता तुम्हीही मानेवरून घेऊन बघा. सुई 8 नंबरची. दुसरा चौकोन विणा.

हो, दुसरा.

---

शुक्रवारचा_बाजार | 7 डिसेंबर, रात्री 10:30

धागा मंगळसूत्रात अडकतो.

---

सुलट_उलट | 7 डिसेंबर, रात्री 10:41

डाव्या खांद्यावर ब्लाउजला एक सेफ्टी पिन लावा आणि धागा त्यातून घ्या. मान मोकळी, मंगळसूत्र मोकळं.

---

कोपऱ्यातला | 8 डिसेंबर, सकाळी 9:50

सगळं वाचलं. एक व्यावहारिक प्रश्न, राग मानू नका. म्हापशाच्या बाजारात तयार पांघरूण चारशे-पाचशेत मिळतं, मशीनवरचं, एकसारखं, धुवायला सोपं. 30 तास कशाला घालवायचे? आणि मुलगी राहणार इंग्लंडात, तिथे काय लोकरीच्या वस्तू मिळत नाहीत? शिवाय सण त्यांचा, परंपरा त्यांची. तुमच्या डोक्याला ताप.

---

शुक्रवारचा_बाजार | 8 डिसेंबर, रात्री 9:10

राग नाही. ह्यांनीही हेच विचारलं, फक्त कमी शब्दांत.

एक सांगते. नाताळात तियाच्या घरून कोंसुवाद येतो. ताटावर क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या, कुलकुलं, बोलीन्यां, दोदोल, दोस आणि बेबिंकेचा तुकडा. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी दोन ताटं आली. एक मोठं, एक लहान. लहानात फक्त दोस आणि दोदोल. मला वाटलं, नव्या सुनेचं वेगळं असेल. तसं नव्हतं. बेबिंकेत अंड्याचे बलक असतात. दोस म्हणजे चण्याची डाळ, नारळ, साखर. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस, गूळ. सासूबाई अंडं खात नाहीत. ते लहान ताट सासूबाईंचं. पंचवीस वर्षांत एकदाही विसरली नाही. सासरे गेले त्या वर्षी आमच्याकडे चवथीला काही केलं नव्हतं, तेव्हा नेवऱ्या तिने आणून दिल्या, आणि सारण आमच्या पद्धतीचं, त्यांच्या नव्हे. (आमच्या आणि त्यांच्या नेवरीत कुठली चांगली हा वाद गडग्यावर दर वर्षी होतो. त्यांच्यात तीळ जास्त. असो.)

चारशे रुपयांचं पांघरूण मी आणीनही. पण ताट परत करताना त्यात काय घालू?

आज पिनेवरून 8 नंबरवर चौकोन विणला. 10 सेंटिमीटरला साडेबावीस. उद्यापासून खऱ्यावर. चार दिवस नुसते मापण्यात गेले, काका ओरडू नका.

---

वास्कोतला_काका | 9 डिसेंबर, सकाळी 6:50

ओरडत नाही. 13 दिवस, 224 ओळी. रोज 17. दोन तास वीस मिनिटं. 19 ला मुक्तिदिनाची सुट्टी आहे, त्या दिवशी 30 काढा.

---

थंडीतली_गोंयकार | 10 डिसेंबर, रात्री 1:20

मी इंग्लंडात असते, स्विंडनपासून फार लांब नाही. वाचून रहावलं नाही म्हणून लिहितेय. इथे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि डिसेंबरात गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत दोदोलाचा डबा आणि कुणीतरी विणलेलं काहीतरी असतंच.

बाळ पाच महिन्यांचं, म्हणून दोन गोष्टी. इथे एक वर्षाच्या आतलं बाळ झोपताना पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नका असं सांगतात. घातलंच तर खांद्याच्या वर येऊ द्यायचं नाही आणि कडा गादीखाली खोचायच्या. तेव्हा हे पांघरूण मांडीवरचं, बाबागाडीतलं, कुणाची तरी नजर असतानाचं. तियाच्या लेकीला हे माहीत असेलच, पण तियाला आधी सांगून ठेवा, नाहीतर नात पांघरुणाशिवाय झोपली म्हणून वाईट वाटून घेईल. माझ्या आईने घेतलं होतं.

दुसरं, जाळीदार वीण नाही हे उत्तम. जाळीत बाळाची बोटं अडकतात. धाग्याला गाठी मारू नका, दोन्ही टोकं आठ-दहा टाके एकत्र विणून घ्या, उरलेलं टोक जाड सुईने विणीत दडवा.

आणि ती लोकर खरंच लोकर आहे का? एक तुकडा जाळून बघा.

---

शुक्रवारचा_बाजार | 14 डिसेंबर, रात्री 11:40

जाळला. केस जळाल्याचा वास यायला हवा होता ना? नाही आला. वितळला आणि काळा टणक मणी झाला. म्हणजे अ‍ॅक्रिलिक. तियाला सांगितलं. म्हणाली, वूल म्हणून दिलें म्हाका. मग थोड्या वेळाने म्हणाली, बरें, कसर लागची ना. म्हणजे कडुलिंबाचा पाला वाचला.

प्रगती: 85 ओळी. काकांच्या हिशेबाने मागे आहे. ऑफिसात दुपारच्या सुट्टीत विणते. आमचा शिपाई रोज येऊन उंची बघतो.

शुक्रवारच्या बाजारात गेले होते. तो लॉट नाही. रंग तोच म्हणाले, उन्हात नेला तर नवा किंचित पिवळा. दोन गोळे घेतले. मिसळायला सुरुवात पुढच्या आठवड्यात.

नवी भानगड: माझ्या हाताला घाम येतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सुईची करडी झाक टाक्यांवर उतरतेय. पंख्याखाली बसले तरी. हे काय?

---

सुलट_उलट | 15 डिसेंबर, सकाळी 7:30

गोव्यातल्या प्रत्येक विणणारीचं दुःख. सुईवरचा थर घासला गेला की घामाने असं होतं. बांबूच्या सुया घ्या, 4 मिलिमीटर. डाग पडत नाहीत. फक्त बांबूवर टाके जरा कमी घसरतात, म्हणून पहिल्या दोन ओळींनंतर परत मोजा. तोपर्यंत हात धुऊन कोरडे करून बसा. झाक उरली तर शेवटी कोमट पाण्यात साबणाचा फेस करून बुडवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं.

---

वास्कोतला_काका | 15 डिसेंबर, सकाळी 7:34

इस्त्री फिरवू नका. अ‍ॅक्रिलिक आहे. गरम इस्त्रीने वीण चपटी होते ती कायमची. माझ्या एका स्वेटरची अशीच चटई झाली. कुणी केली ते सांगत नाही, ती हे वाचते.

---

यूट्यूबविणकर | 15 डिसेंबर, सकाळी 10:05

12 नंबरबद्दल सॉरी ताई. मी पण आता पिनेवरून धागा घेऊन बघतेय. अंगठा दुखतो.

---

शुक्रवारचा_बाजार | 21 डिसेंबर, रात्री 2:15

संपलं. 72 सेंटिमीटर, 75 नाही. लोकर 30 ग्रॅम उरली पण मी उरले नाही. टाके बंद केले, टोकं दडवली. उद्या सकाळी धुते. झोपते.

---

शुक्रवारचा_बाजार | 27 डिसेंबर, सायंकाळी 5:30

उशिरा लिहितेय. पाहुणे, मग ताप, मग पाहुणे.

आधी तांत्रिक, कारण सुलट_उलट ताई वाट बघत असतील. रुंदी माझ्या भागात 71, तिच्या भागात 73. कंबर नाही, पण खांदे आहेत म्हणा. नव्या-जुन्या लोकरीचा जोड मलाही दिवसा सापडत नाही. सुईची झाक एका धुण्यात गेली.

22 ला लेक आली, बाळ आलं. तियाने पांघरूण उलटसुलट करून बघितलं, दुमडलं आणि खुर्चीवर ठेवलं. बरें म्हणाली. मला वाटलं, आवडलं नाही. लेक मात्र माझ्या गळ्यात पडली.

24 ला संध्याकाळी त्यांचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बघायला गेले. दर वर्षी करतात, नाचणी दहा दिवस आधी करवंट्यांमध्ये पेरतात, तिचे कोवळे कोंब म्हणजे गोठ्याभोवतीचं गवत. मधली जागा अजून रिकामी होती, मेनीन जेजूला, म्हणजे बाळ येशूला, मिसानंतर ठेवायचं असतं. पण त्या जागी गवतावर काहीतरी सायीच्या रंगाचं घातलेलं दिसलं. वाकून बघितलं तर माझा चौकोन. पहिला, 26 टाक्यांचा, घट्ट. तो मी पिशवीतच विसरले होते आणि पिशवी परत दिली होती. म्हटलं तिया, हा चुकलेला आहे, चांगला देते. तर म्हणाली, मेनीनाक दाट जाय, हींव आसता. बाळाला दाटच हवं, थंडी असते.

मिसाला मीही गेले, तियाचा हात धरायला. पटांगणात खुर्च्या, वर दंव, मी स्वेटरात, माझी सासू घरी कानटोपीत. आणि स्विंडनचं बाळ? त्याला उकडत होतं! आई बिनबाह्यांच्या झग्यात, बाळ बिनबाह्यांच्या झग्यात. पांघरूण घातलं की दोन मिनिटांत लाथेने खाली. तीनदा उचललं. चौथ्यांदा लेकीने ते तियाच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, मम्मी, तूच घे, तुझे पाय थंड पडलेत. 36 हजार टाके, आणि शेवटी आजीच्या गुडघ्यांवर.

प्रवचन चालू होतं. दिवे मंद केले होते. तियाचा उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, डावा पांघरुणावर. बघते तर तिची बोटं विणीवरून सावकाश सरकताहेत, एक एक धार चाचपत, समोर फादरकडे बघत बघतच. मग एका जागी थांबली. एक धार मागे आली, परत पुढे गेली. आणि माझ्याकडे न बघता कानाशी म्हणाली, "हांगा थावन तुजें." इथून पुढचं तुझं.

मी आज दिवसा मोजलं. बरोबर तिथेच.

---

सुलट_उलट | 27 डिसेंबर, सायंकाळी 6:10

साडेबावीस आणि बावीस. अर्ध्या टाक्याचा फरक तिच्या बोटांना कळला. आणि बांबूची सुई बदललीत तेव्हा परत मोजलं नव्हतंत, खरं सांगा.

---

शुक्रवारचा_बाजार | 27 डिसेंबर, सायंकाळी 6:25

नव्हतं मोजलं.

---

वास्कोतला_काका | 27 डिसेंबर, सायंकाळी 6:40

उरलेल्या 30 ग्रॅममध्ये पाच महिन्यांच्या बाळाची टोपी होते. 10 नंबरची सुई.

---

शुक्रवारचा_बाजार | 27 डिसेंबर, सायंकाळी 7:02

काका, त्याला उकडतं!

जाते. तियाची दोन्ही ताटं अजून आमच्याकडेच आहेत. रिकामी पाठवायची नाहीत, आणि सासूबाईंचे तिळाचे लाडू वळून व्हायचेत.